उस्मानपुरा : जुन्या मोटारसायकलीच्या सुट्या भागांचा शोध

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौक आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान वसलेला उस्मानपुरा संत एकनाथ रंगमंदिरामुळे आणि लगतच्या शहानूरमियाँ दर्ग्यामुळे ओळखला जातो; मात्र शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या यंत्रविद्या शिकवणाऱ्या दोन संस्था याच परिसरात असून रेल्वे स्थानक औद्योगिक वसाहतही जवळच आहे. येथून नगरच्या रस्त्याला लागले की वाळूज येते, जेथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी कंपनीने जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच इंजिनाचे एक चक्र पुरे करणारी गाडी, बाजारात आणली.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्याने टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू मागे पडल्या, त्यांचे सुटे भागही दुर्मिळ झाले, आणि ज्या शहराच्या वेशीवर नव्या दुचाकी तयार होतात, तेथल्या जुन्या गाडीच्या मालकालाही भंगारवाल्याचा उंबरठा झिजवावा लागतो.

या खरेदीत खरी कसोटी इंजिनाच्या ब्लॉकची, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली सरकतो त्या नळकांड्याची, असते. तो झिजला की आतून किंचित मोठा करून घेतात, त्याला रिबोअर म्हणतात, आणि मग मूळ मापाहून ०.२५, ०.५० किंवा त्याहून अधिक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतात. त्यामुळे जुना ब्लॉक विकत घेताना त्याचे किती रिबोअर झाले आहेत हे पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून आणि आतले माप घेऊन तपासावे लागते, कारण शेवटच्या मापापर्यंत गेलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी त्यात पुन्हा नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवण्याचाच खर्च उरतो. ठिणगीची वेळ साधणारा सीडीआय हा बंद डबा तर बाहेरून पाहून कळतच नाही. तो चालत्या गाडीला लावूनच घ्यावा. टाकी, मडगार्ड, हँडल जुने चालतात, ब्रेकचे लायनर मात्र नवेच हवेत, तेथे काटकसर शहाणपणाची नाही.

शहरात भाग मिळाला नाही, तर बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार गाठण्याची तयारी ठेवावी लागते; अर्थात किरकोळ भागासाठी एसटीचे भाडेच भारी पडते.

संपूर्ण इंजिन घेण्याचा मार्ग सोपा वाटला तरी त्यावरचा क्रमांक नोंदणीपत्रावर असतो आणि बदल आरटीओत नोंदवावा लागतो. शिवाय चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा असल्याने विक्रेत्याकडून सही-पत्त्यासह पावती आणि ज्या गाडीतून इंजिन काढले तिच्या नोंदणीपत्राची प्रत मागून घ्यावी. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर सौदा तेथेच सोडावा.