वारावरची विद्या

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्यानें भिवंडीकडे निघालें, म्हणजे कशेळीच्या पुलाच्या अलीकडे बाळकुम हें गांव लागतें. आगरी-कोळी मंडळींची ही जुनी वस्ती. शेतांच्या शेजारीं कारखाने आले, आणि पुढें कित्येक कारखान्यांच्या जागीं उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतून राहणाऱ्यांत आमचे कांहीं वाचकही असतील. त्यांच्या सज्जांतून गांवठाणांतलीं घरें स्पष्ट दिसतात. पण वरच्या मुलाची शाळा निराळी आणि खालच्या मुलाची निराळी.

हा भेद कां, असें विचारल्यास सुशिक्षित घरांतून एक ठराविक उत्तर मिळतें: "त्यांना शिक्षणाची गोडीच नाहीं हो!" जमिनीचे पैसे आले, अंगावर सोनें आलें, पण पाटीपुस्तक आलें नाहीं, अशी पुस्तीही वर जोडली जाते. हें मत आम्हांस तपासून पाहण्याजोगें वाटतें; कारण तें बोलणाऱ्यांच्याच घरचा इतिहास त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

आमच्या पूर्वजांत द्रव्यवान थोडेच होते. कोंकणांतून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलांनीं वार लावून आणि माधुकरी मागून दिवस काढले, याच्या कथा घरोघरीं अभिमानानें सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. सोमवारीं एका घरीं पान, मंगळवारीं दुसऱ्या. पण या कथेंतील वाढणारी गृहिणी सांगतांना हटकून वगळली जाते. मुलाजवळ पैसा नव्हता. परंतु परक्या शहरांत सात उंबरे त्याच्यासाठीं मोकळे होते, आणि ते त्याची हुशारी पाहून नव्हे, तर जात पाहून मोकळे झाले होते. तितक्याच भुकेनें कोळ्याचा किंवा कुणब्याचा मुलगा त्या दारीं आला असता, तर त्याचें पान मांडलें गेलें नसतें.

दुसरी शिदोरी भाषेची. पुस्तकांतली मराठी ती आमच्या माजघरांतलीच. त्यामुळें आमचें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच निम्मा धडा शिकलेलें असतें. आगरी बोलणारें मूल तोंड उघडतांच 'अशुद्ध' ठरतें, हंशा पिकतो, आणि तें गप्प बसूं लागलें कीं त्यास मंद म्हणण्यास आपण मोकळे! बापाजवळ जमिनीचा पैसा असला तरी तो येथें उपयोगीं पडत नाहीं.

ज्यांनीं हें ओळखलें त्यांनीं उपदेशावर न थांबतां सोय केली. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस होतो, हें जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें. भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. तोही एक वारच होता. मात्र जात न विचारतां लावलेला.

आजचा वार कायद्यानें लावलेला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें खाजगी विनाअनुदानित शाळांनीं (अल्पसंख्याकांच्या शाळा वगळून) प्रवेशवर्गांतील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस विनामूल्य द्यावयाच्या असतात. महाराष्ट्र सरकारनें 9 फेब्रुवारी 2024 रोजीं अधिसूचना काढून, जिच्यापासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, अशा खाजगी शाळेस या बंधनांतून मोकळें केलें. ठाण्यासारख्या दाट शहरांत एवढ्या अंतरांत अशी शाळा नाहीं, असा भाग शोधूनच काढावा लागेल! पालक व संघटना न्यायालयांत गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानें 6 मे रोजीं अधिसूचनेस स्थगिती दिली, 19 जुलै रोजीं ती रद्द केली, आणि 9 ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालांत हात घालण्याचें नाकारलें. गोडी नसलेले आईबाप दिल्लीपर्यंत भांडत नाहींत.

परंतु हा वार आठवीस तुटतो. कायद्याचा आधार तेथवरच. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावयाची, नाहींतर आठ वर्षांचे सोबती सोडून दुसरी शाळा पाहावयाची. इतकीं वर्षें 'आरटीईचीं मुलें' ही वेगळी हाक ऐकून घेतलेल्या मुलानें ऐन मॅट्रिकच्या तोंडावर असें उठून जावें, हें आम्हांस फार कठोर वाटतें.

बाळकुमच्या आसपासच्या ज्या शाळांच्या पालकसभांस आमचे वाचक जातात, तेथें त्यांनीं नववी-दहावीच्या फीचा प्रश्न काढावा. चाळीस मुलांच्या वर्गांत 25 टक्क्यांचीं दहा मुलें असतात आणि फी भरणारीं घरें तीस. म्हणजे तीन घरांमागें एक मूल आलें. दर घरावर आपल्या फीच्या तिसऱ्या हिश्शाचा बोजा, तोही दोनच वर्षें. रक्कम लहान नाहीं, हें आम्ही जाणतों. शाळेनें कांहीं सूट दिली तर ती आणखी खालीं येईल, आणि तशी मागणी करण्यास पालकसभेवांचून दुसरी जागा नाहीं.