रेखाटन-निर्बंधन
रेखाटन-निर्बंधन : (संगणकसाहाय्यित अभिकल्प). संगणकाच्या साहाय्याने वस्तूचा अभिकल्प (आराखडा) करताना द्विमितीय रेखाटनातील रेषा, वर्तुळे, कंस इ. घटकांची मापे व परस्परसंबंध ठरवून त्यांचे आकार व स्थान निश्चित करण्याच्या क्रियेस रेखाटन-निर्बंधन म्हणतात. अशा रेखाटनास जाडी देऊन वा ते अक्षाभोवती फिरवून घनाकृती तयार करतात. कागदावरील आरेखनात रेषा आधी काढली जाते व माप तिचे केवळ वर्णन करते. येथे मात्र माप हे आज्ञेचे काम करते. माप बदलताच रेखाटन व त्यावर आधारलेली घनाकृती बदलते.

या पद्धतीचा पाया आयव्हन सदर्लंड यांच्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीने घातला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तिचे वर्णन केले. टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर प्रकाश लेखणीने काढलेल्या ओबडधोबड रेषांवर समांतरता, लंबता यांसारखे निर्बंध तिच्याद्वारे घालता येत. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रो/एंजिनियर’ या आज्ञावलीमुळे मापांनी नियंत्रित होणाऱ्या घनाकृतींची पद्धत उद्योगधंद्यांत रूढ होऊ लागली.

निर्बंध दोन प्रकारचे असतात. आडवेपणा, उभेपणा, समांतरता, लंबता, स्पर्श, समकेंद्रितता, समानता हे भूमितीय निर्बंध होत; लांबी, कोन, त्रिज्या, व्यास हे मितीय निर्बंध होत. प्रत्येक निर्बंधाचे एक वा अधिक समीकरणांत रूपांतर होते व संगणक ती एकसमयावच्छेदेकरून सोडवितो.

निर्बंध पुरेसे आहेत की नाहीत, हे मुक्तता मात्रांवरून (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या राशींच्या संख्येवरून) समजते. प्रतलात रेषाखंडाच्या ४ व वर्तुळाच्या ३ मुक्तता मात्रा असतात. आयताच्या चार बाजूंच्या मिळून १६ होतात. चार कोपरे जोडल्याने ८, दोन बाजू आडव्या व दोन उभ्या केल्याने ४, लांबी व रुंदी दिल्याने २ आणि एक कोपरा आदिबिंदूवर ठेवल्याने २ कमी होतात. शिल्लक शून्य राहते व रेखाटन पूर्णतः निर्बंधित होते. मुक्तता शिल्लक राहिल्यास रेखाटनाचा काही भाग नकळत सरकू शकतो. याउलट ३, ४ व ५ सेंमी. बाजूंच्या त्रिकोणास काटकोनाचाही निर्बंध घातला, तर तो विसंगत नसला, तरी अनावश्यक ठरतो आणि एक बाजू बदलताच विरोध उत्पन्न होतो. अनेक आज्ञावली अशा अतिनिर्बंधनाची सूचना देतात.

तथापि पूर्ण निर्बंधन म्हणजे योग्य निर्बंधन नव्हे. ८० मिमी. लांबीच्या पट्टीच्या मध्यावर भोक हवे असल्यास त्याचे केंद्र कडेपासून ४० मिमी. अंतरावर ठेवता येते किंवा पट्टीच्या कर्णाच्या मध्यबिंदूशी जोडता येते. दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतात. परंतु लांबी १०० मिमी. केल्यास पहिलीतील भोक १० मिमी.ने एका बाजूस राहते, तर दुसरीतील मध्यावरच राहते. संगणक समीकरणे सोडवितो, पण भोक मध्यावर असण्यामागील हेतू त्यास कळत नाही. तो हेतू व्यक्त करणारा निर्बंध निवडणे हे अभिकल्पकाचेच काम होय.