साडेचार राजाबाई टॉवरएवढा लिंकन

आमच्या कट्ट्यावर राजकारणाचं वेड असलेले चार-पाच जण आहेत. कोण कुठून फुटणार, कुणाला कुठलं खातं मिळणार, यावर चहा गार होईपर्यंत बोलणारे. त्यांतल्या एकाला परवा लिंकनची लागण झाली. म्हणाला, "त्याच्यावरचं एखादं चांगलं पुस्तक सांग की."

एखादं!

वॉशिंग्टनच्या ज्या फोर्ड्स थिएटरमध्ये १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनला गोळी घातली, तिथली मंडळी सांगतात की त्याच्यावर आजवर १५,०००हून अधिक पुस्तकं निघाली आहेत. भागाकार करून बघा. साधारण १६० वर्षांत १५,०००, म्हणजे दर चार दिवसांनी एक. दिवाळी नाही, शिमगा नाही, खंड नाही. रोज एक हातावेगळं केलं तरी ४१ वर्षं लागतील. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला एक म्हटलं तर २८८. थोरल्या बाजीरावाच्या काळात कुणी पहिलं पुस्तक उघडलं असतं, तर तो आत्ता कुठे शेवटच्याला हात घालत असता. (लिंकन तेव्हा जन्मालाही यायचा होता, ते सोडून द्या.)

थिएटरसमोरच्या ज्या घरात लिंकनने प्राण सोडला त्याला लागूनच २०१२ मध्ये एक केंद्र उघडलं. त्यात या पुस्तकांचा ३४ फूट उंच मनोरा आहे, तीन मजले भेदून गेलेला, आणि जिना त्याच्याभोवती वळत वर चढतो. पुस्तकं ६,८०० च्या आसपास. पण हात लावला तर गार लागतील, कारण ती ॲल्युमिनियमची आहेत. वर खरीखुरी मुखपृष्ठं छापलेली, तीही दोनशेच्या वर थोडीच. तीच पुन्हा पुन्हा आलेली. एवढं करूनही मनोरा खऱ्या ढिगाच्या निम्मा होत नाही.

खरा ढीग रचला तर? पुस्तकाची जाडी इंचभर धरू. १५,००० इंच म्हणजे १,२५० फूट. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं छत नेमकं तेवढ्याच उंचीवर आहे. आपल्या राजाबाई टॉवरची उंची २८० फूट, म्हणजे तसले जवळजवळ साडेचार टॉवर एकावर एक.

राजाबाई टॉवर उगाच आठवला नाही. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लिंकनने दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची बंदरं नाकेबंदीत घेतली. तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत सट्ट्याला ऊत आला. प्रेमचंद रायचंद या सटोडियांच्या राजाने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी आणि आणखी दोन लाख आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दिले. पुढच्याच वर्षी तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळले आणि प्रेमचंदशेठही बुडाले. टॉवर मात्र १८७८ मध्ये उभा राहिला. त्या ग्रंथालयात बसून लिंकनचं चरित्र वाचणारा माणूस लिंकनच्याच युद्धाच्या पैशातून बांधलेल्या छताखाली बसलेला असतो.

पण माणूस एक आणि पुस्तकं इतकी, असं का? नुसत्या भक्तीने एवढा ढीग होत नाही. कागद उशिरा बाहेर येतात आणि आकडे बदलतात, हे खरं कारण. लिंकनच्या मुलाने, रॉबर्टने, वडिलांची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली ती एका अटीवर: माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं उघडायची नाहीत. तो २६ जुलै १९२६ ला गेला. २६ जुलै १९४७ ला, मध्यरात्र उलटताच, तिजोरी उघडली गेली आणि अठरा हजारांच्या घरातले कागद अभ्यासकांच्या हाती आले. निकोले आणि हे या लिंकनच्या दोन चिटणिसांनी १८९० मध्ये दहा खंड काढले. त्यांना हे कागद आधीच बघायला मिळाले होते, पण त्यांचं हस्तलिखित रॉबर्टच्या नजरेखालून जात असे. पुढे कवी कार्ल सँडबर्गने सहा खंड लिहिले. त्यातल्या युद्धकाळाच्या चार खंडांतच दहा लाखांवर शब्द आहेत. त्याने ते लिहिले तेव्हा ही तिजोरी बंद होती. म्हणून सँडबर्ग गोडीसाठी वाचावा, पुराव्यासाठी नाही.

युद्धातल्या मृतांचंही तेच. शंभरेक वर्षं सगळे ६,२०,००० हा आकडा देत होते. २०११ मध्ये डेव्हिड हॅकर या अभ्यासकाने जुन्या जनगणना ताडून पाहिल्या आणि साडेसात लाखांचा अंदाज मांडला. एक लाख तीस हजार माणसं दीडशे वर्षांनी हिशेबात आली. आकडा एवढा हलल्यावर पुस्तक पुन्हा लिहिणं आलंच.

आता मित्राला मी काय सांगितलं ते. राजकारणाचं व्यसन असेल तर पहिलं पुस्तक डोरिस कर्न्स गुडविन यांचं 'टीम ऑफ रायव्हल्स'. २००५ चं, टिपांसकट नऊशेच्या वर पानं. घाबरू नका, हे मंत्रिमंडळ-विस्ताराचं पुस्तक आहे. १८६० मध्ये लिंकन जेमतेम ४० टक्के मतांवर निवडून आला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. उमेदवारीसाठी त्याच्याशी झुंजलेल्या सिवर्ड, चेस आणि बेट्स या तिघांना त्याने परराष्ट्र, अर्थ आणि न्याय ही खाती दिली. चेसला तर खुर्चीत बसूनही पुढच्या निवडणुकीत लिंकनचीच जागा हवी होती. आमच्या कट्ट्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं, एरिक फोनर यांचं 'द फायरी ट्रायल' (२०१०). सुमारे चाळीस लाख गुलामांच्या प्रश्नावर लिंकन कुठे चुकला, कुठे अडखळला, कसा बदलत गेला, हे यात आहे. कौतुकाचा चष्मा उतरवायचा असेल तर हे. माझं मत विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक पुस्तक हेच. एकाच खंडातलं पूर्ण चरित्र हवं असेल तर डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचं १९९५ चं. बर्लिंगेम यांचे दोन हजार पानांचे दोन खंड निवृत्तीनंतर.

आणि गॅरी विल्स यांचं 'लिंकन ॲट गेटिसबर्ग'. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गच्या दफनभूमीत आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला, तेरा हजारांहून अधिक शब्द. मग लिंकन उठला आणि २७२ शब्दांत, दोन-तीन मिनिटांत खाली बसला. त्या २७२ शब्दांवर विल्स यांनी तीनशेहून जास्त पानं लिहिली, म्हणजे शब्दामागे पानभराच्या वर. आणि ती भरताड नाहीत.

आता एक कडू गोष्ट. महाराष्ट्रात लिंकन सगळ्यांत जास्त वाचला गेला तो शाळांच्या भिंतींवर, हेडमास्तरांना लिहिलेल्या त्या पत्रात. वसंत बापटांनी त्याला इतकं सुंदर मराठी रूप दिलं की ते पाठ नसलेला शिक्षक सापडणं कठीण. पण लिंकनचं समग्र लेखन आठ खंडांत छापलेलं आहे आणि त्यात हे पत्र नाही. ते त्याने लिहिल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. पत्र भिंतीवर राहू द्या, खाली नाव बापटांचं घाला.

खरा धागा हवा असेल तर तो पुण्यात आहे. लिंकन गेल्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. लिंकनवरच्या १५,००० मध्ये त्याची गणती होत नसेल. माझ्या यादीत ते फोनरच्या शेजारी आहे.

लिंकनची शाळा सगळी मिळून वर्षभराचीसुद्धा नाही. पोरवयात त्याने शेजारच्या शेतकऱ्याकडून जॉर्ज वॉशिंग्टनचं चरित्र वाचायला आणलं, ते पावसात भिजलं आणि भरपाई म्हणून त्याने तीन दिवस त्याच्या शेतात मक्याची वैरण काढली, असं सांगतात. आवडत्या अध्यक्षावरच्या एका पुस्तकाची ही किंमत. मित्र माझी गुडविनबाईंची प्रत घेऊन गेला, त्याला आता चार महिने झाले.