पावसाळ्यापूर्वी टायर निवडताना

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडत जातो. वाटेत कुठे जुनी कौलारू घरे, कुठे मिठागरे, तर कुठे तिवरांची खाजणे लागतात. मी राईत राहते आणि हा रस्ता मला तोंडपाठ आहे. तरीही काही वर्षांपूर्वी जूनच्या एका सकाळी त्याने मला चकवले.

पाऊस नुकताच सुरू झाला होता, तोही भुरभुर. गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास होता. वळणावर समोर एक सायकल आली म्हणून ब्रेक दाबला, आणि गाडीची मागची बाजू अगदी शांतपणे बाहेर सरकू लागली. गाडी रस्त्यावर आडवी होऊन थांबली. सायकलवरचा मुलगा हातभर अंतरावरून निघून गेला. त्याच्या पाठीला शाळेचे दप्तर होते.

आदल्याच दिवशी त्याच गाडीने, त्याच वळणावरून, त्याच वेगाने मी आले होते. तेव्हा काहीही झाले नव्हते. मग एका रात्रीत टायरांत बिघडले काय? याचे उत्तर शोधले तर पावसाळ्यासाठी टायर कसे निवडावेत, हा प्रश्न आपोआप सुटतो.

चार पोस्टकार्डांवरची गाडी

माणसांसह ११०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान कार घेऊ. प्रत्येक चाकावर सुमारे २७५ किलोग्रॅम भार येतो, म्हणजे जवळजवळ २७०० न्यूटन बल. पेट्रोल पंपावर आपण ‘बत्तीस हवा’ भरायला सांगतो, ती दर चौरस इंचाला ३२ पौंड, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार पास्कल. बलाला दाबाने भागले की क्षेत्रफळ मिळते: सुमारे १२२ चौरस सेंटिमीटर. आपले साधे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे असते. थोडक्यात, आपण घरच्या मंडळींसह चार पोस्टकार्डांवर प्रवास करत असतो. वळणे, थांबणे, वेग घेणे हे सारे या चार पोस्टकार्डांवरील घर्षणावर अवलंबून आहे.

आता कोरड्या रस्त्याचा विचार करू. टायरवरील खाचांची नक्षी पकड यावी म्हणून असते, असे बहुतेकांना वाटते. कोरड्या डांबरावर हे खरे नाही. खाचा म्हणजे रिकामी जागा. तिथे रबर रस्त्याला टेकतच नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशी पूर्ण गुळगुळीत टायर लावून धावतात त्या याच कारणाने. म्हणजे टायर झिजून गोटा झाला तरी कोरड्या रस्त्यावर तो चालकाला काहीच सांगत नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ महिने तो निमूटपणे झिजतो आणि पहिल्या पावसाच्या दिवशी एकदम हिशेब मागतो. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले.

सेकंदाला सहा लिटर

खाचांचे खरे काम पाणी वाहून नेण्याचे. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, टायरचा टेकलेला भाग १२ सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर आहे, असे समजू. या तिन्हींचा गुणाकार केला तर प्रत्येक टायरला दर सेकंदास सुमारे ६ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. तेही कसे? टेकलेला भाग सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा. तो एका ठिकाणावरून जायला सेकंदाचा एकशे सदुसष्टावा भाग लागतो. तेवढ्या वेळात पाणी निघून गेले तरच रबर रस्त्याला भेटेल.

वेग वाढत गेला तर एक वेळ अशी येते की पाणी निघू शकत नाही. ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि टायरला उचलून धरते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. आपण पाण्यावर तरंगणे म्हणू. वाहत्या पाण्याला अडवले की निर्माण होणारा दाब ½ρv² असतो, हे उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. हा दाब टायरमधील हवेच्या दाबाइतका कधी होईल? ρ म्हणजे पाण्याची घनता घनमीटरला १००० किलोग्रॅम धरली, तर v येतो सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग केले. त्यांतून मिळालेला नियम आपल्या एककांत असा मांडता येतो: ताशी किलोमीटरमधला वेग म्हणजे १६.७ गुणिले दाबाचे वर्गमूळ. ३२ पौंड दाबाला उत्तर येते सुमारे ९४, म्हणजे आपल्या ढोबळ उत्तराच्या सव्वापट. टायर गुळगुळीत असेल किंवा पाण्याची खोली खाचांपेक्षा जास्त असेल, तेव्हा हा नियम लागू पडतो.

या सूत्रात गाडीचे वजन कुठेच नाही, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. ‘माझी गाडी जड आहे, ती तरंगणार नाही’ हा समज त्यामुळे कोसळतो. जड गाडीचे पोस्टकार्ड फक्त मोठे होते. दुसरा समज असा की पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे पकड वाढते. हवा २४ पौंडांवर आली तर तरंगण्याचा वेग ९४ वरून सुमारे ८२ वर उतरतो. मुसळधार पावसात काशिमिऱ्याकडून महामार्गाला लागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग चाळीसला गाडी का घसरली?

माझा वेग तर या आकड्यांच्या निम्माही नव्हता आणि रस्त्यावर पाणी साचलेले नव्हते. पण घसरायला पूर्ण तरंगण्याची गरज नसते. कोरड्या महिन्यांत रस्त्यावर तेलाचे थेंब, रबराचा भुगा आणि बारीक धूळ साठते. पहिली भुरभुर यातून एक पातळ, चिकट थर तयार करते. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. भुरभुर मात्र नुसती कालवते. हा थर फोडायला खाचांच्या धारदार कडा आणि रबरात कापलेल्या बारीक चिरा लागतात. झिजलेल्या टायरच्या चिरा आधीच संपलेल्या असतात.

याचा परिणाम थांबण्याच्या अंतरावर किती होतो? ब्रेक लागल्यानंतरचे अंतर v²/२μg इतके असते. ताशी ६० किलोमीटर वेगाला घर्षणांक μ ०.८ धरला (कोरडा रस्ता) तर अंतर सुमारे १८ मीटर येते; ०.५ धरला (ओला रस्ता, चांगला टायर) तर २८ मीटर, ०.३ धरला (ओला रस्ता, झिजलेला टायर) तर ४७ मीटर. हे घर्षणांक उदाहरणादाखल घेतले आहेत; रस्ता आणि टायरनुसार ते बदलतात. पण शाळेसमोर १८ आणि ४७ मीटर यांत काय फरक आहे, हे शिक्षकांना सांगायला नको.

माझी आणखी एक चूक होती. पंधरा दिवसांपूर्वी मी दोनच टायर नवे घेतले होते आणि दुकानदाराने ते पुढे लावले होते. ‘गाडी पुढच्या चाकांनी ओढते, पुढच्याच चाकांनी वळते’ हे त्याचे म्हणणे मलाही पटले. प्रत्यक्षात दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंगवर ते जाणवते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुधा ती सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या हाती नसते.

हिवाळी टायर आपल्याला हवेत का?

थंड देशांत ऋतूनुसार टायर बदलतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ वा गोठण असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात. रबर हे बहुवारिक आहे. थंडीत त्याच्या लांब साखळ्यांची हालचाल मंदावते आणि ते कडक होते. साध्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर त्याहून थंडीतही मऊ राहते. अशा टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असते.

आता आपल्याकडे पाहा. सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांक २२ जानेवारी १९६२ रोजीचा आहे: ७.४ अंश. म्हणजे आपली सर्वांत कडाक्याची नोंदही त्या सीमेच्या वरच राहिली! उलट मे महिन्यात डांबर ६० अंशांपर्यंत तापते. तिथे हिवाळी टायरचे मऊ रबर भराभर झिजेल आणि वळणावर लुसलुशीत वागेल. लडाखला जाणाऱ्याला तो उपयोगी पडेल, राईच्या माणसाला नाही. आपला ‘हिवाळा’ जूनमध्ये येतो आणि तो पाण्याचा असतो.

तरी रबराच्या मिश्रणाचा प्रश्न उरतोच. ओल्या रस्त्यावर पकड देणारे रबर रस्त्याच्या खडबडीत कणांवरून सरकताना ऊर्जा शोषून घेते. पण तसे रबर फिरतानाही ऊर्जा खाते आणि पेट्रोल जास्त लागते. सुटका अशी की या दोन क्रियांचा ठेका वेगळा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, तर घसरताना बारीक खडींमुळे रबर सेकंदाला हजारो वेळा दाबले जाते. काजळीऐवजी सिलिका मिसळली तर रबर संथ ठेक्यात कमी आणि जलद ठेक्यात जास्त ऊर्जा शोषते. मिशलॅन कंपनीने असे टायर १९९२ मध्ये बाजारात आणले. भारतातही ओल्या रस्त्यावरील पकडीचे निकष लागू करण्याची अधिसूचना २०२२ मध्ये निघाली.

दुकानात काय पाहावे

टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ ८५ टी असे काही लिहिलेले असते. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलोग्रॅमपर्यंत भार आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत वेग. आकार गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच घ्यावा. फार रुंद टायर दिसायला ऐटदार असतो, पण त्याला पाणीही जास्त सारावे लागते. परिघाच्या दिशेने तीन-चार खोल, रुंद खाचा आणि त्यांतून बाजूला जाणाऱ्या वाटा असलेली नक्षी पावसाला बरी. बाणाचे चिन्ह असेल तर टायर त्याच दिशेने फिरेल असा बसवावा.

आयएसआय चिन्ह पाहावे. चार आकड्यांची उत्पादन-तारीख वाचावी: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर नुसते पडूनही हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे कडक होते, म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा स्वस्त ठरतोच असे नाही. आणि गोटा झालेल्या कारच्या टायरवर खाचा पाडून ‘नवा’ केलेला टायर मुळीच घेऊ नये; तिथे खाचेखाली उरलेले रबर इतके पातळ असते की टायर फुटू शकतो.

काडी आणि पट्टी

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. नियमाने कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हव्यात. खाचांच्या तळाशी तेवढ्या उंचीचे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. पण पाणी सारण्याची शक्ती ३ मिलिमीटरच्या खालीच झपाट्याने घटते. आपल्या पावसाला म्हणून ३ ही मर्यादा धरावी. आगपेटीची काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. शाळेच्या आवारातील गाड्यांवर विद्यार्थ्यांनी आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन मोजमापे घेतली तर एक छान प्रकल्प होईल. मध्यभाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते.

आमच्या किनाऱ्यावर पावसाच्या तोंडाशी आगोटीची कामे करतात: कौले चाळायची, सरपण आत घ्यायचे, सुकी मासळी भरून ठेवायची. माझ्या आगोटीच्या यादीत आता काडी आणि पट्टी आली आहे. माझ्या मागच्या टायरांवर त्या दिवशी २ मिलिमीटर नक्षी उरली होती. नियमाप्रमाणे ते टायर चालण्याजोगे होते.