धंदा कुणाचा आणि पैसा केव्हा?

१९९१ नंतरच्या तीन दशकांकडे लघुउद्योजकाच्या बाजूने पाहिले, तर एक गोष्ट ठळक दिसते. धंद्याची मालकी कोणत्या स्वरूपात ठेवायची याचे पर्याय कायद्याने भरपूर वाढवले. विकलेल्या मालाचे पैसे हातात केव्हा पडणार, या प्रश्नाला मात्र दीर्घकाळ अर्धवटच हात घातला.

सुरुवातीला बहुतेकांचा मार्ग ठरलेला असे. एकट्याची मालकी, नाहीतर १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी. दोन भाऊ, एक करारनामा, आणि पेढी बुडाली तर देणेकरी कुणाही एकाच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकणार. २००८ च्या कायद्याने एलएलपी आली, तिच्यात भागीदाराची जबाबदारी मर्यादित झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येऊ लागली, आणि २०१५ मध्ये प्रायव्हेट कंपनीसाठीची किमान एक लाख भागभांडवलाची अटही गेली.

हे सारे स्वागतार्हच. पण नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लागले म्हणून घर सुरक्षित झाले, असा समज मी पुष्कळांचा पाहिला आहे आणि तो घातक आहे. बँक लहान कंपनीला कॅश क्रेडिट देताना बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेते, अनेकदा घरही तारण घेते. मर्यादित जबाबदारी त्या सहीपाशी संपते.

आणि ही सही करावी लागते ती बहुतेक वेळा उधारीमुळे. भोसरीतला सुटे भाग बनवणारा एखादा कारखानदार घ्या. मार्चमध्ये त्याने १० लाखांचा माल पाठवला. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११ लाख ८० हजारांचे. पोलादाचे पैसे त्याने आधीच मोजलेले. ७ एप्रिलच्या आत पगार. २० एप्रिलला जीएसटी भरायचा. खरेदीवरचा कर वजा जाऊन जे उरेल ते खिशातून. बिलाचे पैसे येणार जूनअखेर. पण नफा मार्चमध्येच नोंदला गेला, म्हणून त्यावरचा आयकरही आला. मधल्या तीन महिन्यांचे बँकेचे व्याज त्याच्याच माथी. ऑर्डर दुप्पट झाली की ही ओढाताणही दुप्पट. हा माणूस तोट्यात नाही, तरी बुडू शकतो. नफा-तोटा पत्रकात हे दिसत नाही. ते रोकड प्रवाहाच्या पत्रकात दिसते, आणि कायद्याने लहान कंपन्यांना नेमके तेच पत्रक माफ केले आहे.

थकलेल्या बिलांवर व्याजाचा कायदा १९९३ मध्येच झाला होता. त्याची जागा २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने घेतली: लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर कडक. पण ज्या एका मोठ्या ग्राहकावर कारखाना चालतो, त्याच्यावर दावा कोण लावणार? २०१७ पासून बिले वटवणारे ट्रेड्स मंच सुरू झाले, तेही मोठ्या खरेदीदाराने बिल मान्य केले तरच उपयोगाचे.

खरा धक्का २०२३ च्या वित्त कायद्याने दिला. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. यात पुरवठादाराला भांडावे लागत नाही, म्हणून मला ही तरतूद आधीच्या सगळ्या कायद्यांपेक्षा मोलाची वाटते. काही खरेदीदार यामुळे उद्यम नोंदणी नसलेल्यांकडे वळतील ही भीतीही खोटी नाही. तरीही ही तरतूद टिकली पाहिजे.

तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, उत्पादनाचा वा सेवेचा असेल, तर माल पाठवण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या तारखेला किती येणार आणि किती जाणार, हे एका कागदावर मांडा. हमीपत्रावर सही करण्याआधी तो कागद घरातल्यांनाही दाखवा.