बंगड्याची ‘अ‍ॅलर्जी’ आणि होडीतला आईसबॉक्स

‘डॉक्टर, मला बंगडा बाधतो,’ असे सांगणारा रुग्ण किनारपट्टीवरच्या डॉक्टरला नवा नाही. जेवण होऊन अर्धा-पाऊण तास होतो न होतो तोच चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकू लागते, छातीत धडधडते, अंगावर गांधी उठतात, तोंडात चरचरते. काहींना उलट्या-जुलाबही होतात. रुग्ण निदान स्वतःच करून आलेला असतो: अ‍ॅलर्जी! आणि मग बंगडा कायमचा बंद.

अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. हा मासा यापूर्वी कितीदा खाल्ला होता? आणि त्याच पातेल्यातले आणखी कोण जेवले, त्यांना काय झाले? ‘जन्मभर खातोय’ आणि ‘घरात तिघांची तोंडे लाल झाली’ अशी उत्तरे आली, तर दोष बहुधा रुग्णाच्या प्रकृतीचा नसून त्या माशाचा असतो. पुष्कळदा तो होडीतच बिघडलेला असतो.

बंगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यानंतर तो उबेत पडून राहिला, की त्याच्या कल्ल्यांतले व आतड्यांतले जंतू वाढतात आणि या हिस्टिडीनपासून हिस्टामिन तयार करतात. खऱ्या अ‍ॅलर्जीत आपले शरीर जे द्रव्य सोडते, तेच हे. म्हणून लक्षणे इतकी सारखी. पापलेट-बोंबलाच्या बाबतीत हा त्रास सहसा होत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की एकदा तयार झालेले हिस्टामिन कशानेही जात नाही. उकळा, तळा, आमसूल घाला, फ्रीजमध्ये गोठवा, ते तसेच राहते. वासावरूनही नेहमी कळत नाही. मासा दिसायला ताजा असू शकतो. त्यामुळे स्वयंपाकघरात गृहिणीने कितीही काळजी घेतली, तरी होडीत वाया गेलेले तास तिला भरून काढता येत नाहीत. सकाळी सातला गळाला लागलेला बंगडा ऑक्टोबरच्या उन्हात गोणपाटाखाली ठेवून दुपारी तीनला बंदरावर बर्फात घातला, तर त्या बर्फाचा फारसा उपयोग नाही.

आता पेटीकडे वळू. सुट्टीच्या दिवशी हौसेने गरवायला जाणारी मंडळी हल्ली वाढली आहेत आणि छोट्या होडीवर एक दिवसाची फेरी करणारे तर पूर्वीपासून आहेतच. दोघांचीही चूक एकच: पेटी पाहून घेतात, बर्फाचा हिशेब करत नाहीत. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्याजवळ आणायला सुमारे २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे कागदावर माशाच्या एक तृतीयांश बर्फ पुरे. पण उरलेला बर्फ ऊन खाते, पेटीच्या भिंती खातात आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून मासळी मोजणारा उत्साही मित्र खातो. आपल्या हवेत किलोला किलो हाच सुरक्षित हिशेब. दहा किलो मासळीची अपेक्षा असेल, तर दहा किलो बर्फाचा चुरा सुमारे वीस लिटर जागा घेतो, मासळी दहा. म्हणजे ४० लिटरची पेटी बेताची होते. त्याहून फार मोठी घेऊ नये. रिकामी जागाही बर्फ वितळवते, शिवाय भरलेली पेटी होडीतून उतरवताना कंबर धरली की माझ्याकडेच यावे लागते. दोन्ही बाजूंना दणकट कड्या पाहून घ्याव्यात आणि पेटी दोघांनी उचलावी.

थर्माकोलची पेटी स्वस्त आहे व एखाद्या फेरीपुरती चालते. परंतु ती कोपऱ्यात तुटते, वास धरते, नीट धुता येत नाही आणि तिचे तुकडे समुद्रात जातात. वर्षभर जाणाऱ्याने प्लास्टिकची, भिंतींत पफ भरलेली पेटी घ्यावी. भिंत निदान एक इंच जाड हवी, दोन इंच असल्यास उत्तम. झाकणाच्या जाडीकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. भिंती भरीव आणि झाकण पोकळ अशा पेट्या दुकानात सर्रास दिसतात. झाकणावर बोटांनी वाजवून पाहावे, पोकळपणा कळतो. कडेचे रबर सलग असावे, आतले कोपरे गोल असावेत, तळाला बुचाचे भोक असावे. रंग पांढरा किंवा फिका. विकत आणल्यावर पाच किलो बर्फ घालून पेटी दिवसभर अंगणात ठेवावी आणि संध्याकाळी उरलेला बर्फ तोलावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा तराजू खरे बोलतो.

निघण्याच्या आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून ती गार करून ठेवावी. लादीचा बर्फ जास्त टिकतो, चुरा लवकर गार करतो, दोन्ही न्यावेत. मासा हाती येताच आत गेला पाहिजे. खाली चुरा, मग मासे, वर पुन्हा चुरा. मोठी सुरमई किंवा कुपा असेल तर पोट साफ करून आतही बर्फ भरावा. वितळलेले रक्ताळ पाणी बूच काढून सोडावे व ताजा चुरा घालावा.

पिण्याचे पाणी आणि डबा यांची पेटी वेगळी ठेवावी. मासळीवरचा बर्फ सरबतात टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. हगवण आणि कावीळ त्या वाटेनेही येते. माल थंड ठेवण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ साली आला. निळा बर्फ पेल्यात नको, आणि मासळीला लागलेला पांढराही नको.

त्रास झालाच, तर तो बहुधा दिवसभरात ओसरतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या साध्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने लवकर आराम पडतो. मात्र श्वास लागणे, घसा आवळणे, चक्कर येऊन पडणे किंवा हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नये. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी विशेष जपावे. हिस्टामिनचा निचरा करणाऱ्या शरीरातील यंत्रणेला ही गोळी अडथळा आणते, त्यामुळे थोड्या हिस्टामिनचाही त्यांना मोठा त्रास होतो. म्हणून गोळी बंद करायची नाही. मासा पारखून घ्यायचा.

घरी आल्यावर पेटी साबणाने घासून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने खळबळावी आणि झाकण उघडे ठेवून उन्हात वाळवावी. बुचाच्या भोकात अडकलेले खवले काडीने काढावेत; दुर्गंधी बहुधा तिथूनच येते.