रॅगिंगच्या आरोपीचं वकीलपत्र

मे २०१६ मध्ये कलबुर्गीच्या एका नर्सिंग कॉलेजात घडलेलं प्रकरण देशभर गाजलं. केरळहून शिकायला आलेल्या दलित मुलीला हॉस्टेलात सिनियर मुलींनी संडास धुण्याचं द्रव पाजलं, असा आरोप होता. मुलगी वाचली, सिनियर मुलींना अटक झाली. कॉलेजची बाजू मात्र अशी होती, की तिने ते स्वतःच घेतलं. जखम एक, हकिकती दोन. त्यातली खरी कोणती हे न्यायालयाने ठरवायचं, तर दोन्ही बाजूंना वकील हवा.

सीमेलगतच्या उदगीर-देगलूरची मुलं कर्नाटकात बीदर, भालकी, कलबुर्गीला शिकायला जातात. आपलं लेकरू सिनियरांच्या तावडीत सापडेल, ही धास्ती प्रत्येक घरात असते. आपलंच लेकरू आरोपी म्हणून उभं राहील, हे कुणाच्या मनातही येत नाही. विद्यार्थ्याचा जीव गेला की संताप उसळतो आणि मागणी होते : आरोपींचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. संताप रास्त आहे, मागणी नाही. राज्यघटनेचं कलम २२ अटक झालेल्याला पसंतीचा वकील देतं. एखाद्या आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव घटनाविरोधी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी खटल्यात स्पष्ट सांगितलं.

बचाव म्हणजे ‘काही घडलंच नाही’ असं रेटून सांगणं नव्हे; कुणाचा गुन्हा नेमका कोणता, हे तपासून घेणं. कर्नाटक शिक्षण कायद्याच्या कलम ११६ मध्ये रॅगिंगला एक वर्षापर्यंत कैद आहे, महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत. मृत्यू झाला की गुन्हा बदलतो : खून, सदोष मनुष्यवध की आत्महत्येस प्रवृत्त करणं? हात कुणी उचलला, दाराशी कोण उभं होतं, नुसतं फिर्यादीत नाव कुणाचं आलं? प्रत्येकाचा हिशेब वेगळा. हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजात मार्च २००९ मध्ये अमन काचरू सिनियरांच्या मारहाणीनंतर दगावला. चौघे दोषी ठरले ते खुनासाठी नव्हे, सदोष मनुष्यवधासाठी. शिक्षा चार वर्षं. अनेकांना ती कमी वाटली, पण ‘जीव घ्यायचाच होता का’ हा प्रश्न कायद्याला टाळता येत नाही.

जळगावच्या डॉ. पायल तडवींनी मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या हॉस्टेलात जीवन संपवलं. छळाचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर. आत्महत्येपूर्वीची मूळ चिठ्ठी मिळाली नाही, तिचे फोटो पायल यांच्या मोबाइलमधून तपासात पुढे आले. अशा पुराव्याला प्रश्न विचारणं हे बचावाच्या वकिलाचं कामच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आरोपींना जामीन मिळाला, ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पुरं करण्याची मुभा दिली. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे पायल यांच्या आईच्या बाजूने ठणकावून सांगायला हवं. तसंच आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे, हेही.

तामिळनाडूत १९९६ मध्ये अण्णामलै विद्यापीठातल्या नावरसू या विद्यार्थ्याचा खून झाला. सिनियर जॉन डेव्हिडला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, २००१ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप पुन्हा लागू केली. वडिलांच्या वाट्याला आलेली ती दहा वर्षं भयंकर होती. पण बचावाने परिस्थितिजन्य पुराव्याची कडी न् कडी तपासून घेतली, तरी साखळी टिकली. म्हणून तो निकाल आज निःशंकपणे सांगता येतो.

बचावालाही मर्यादा हवी. गेलेल्या मुलाला ‘कमकुवत मनाचा’ ठरवणं, त्याच्या जातीवरून झालेली हेटाळणी ‘चेष्टा’ म्हणून झटकणं, हा बचाव नाही. ते छळाचं पुढचं पाऊल आहे. वकिलाने उलटतपासणीत रेक्टरला गाठावं : रात्रीची फेरी झाली होती का? तक्रार आल्यावर काय केलं? या उत्तरांतून अशिलाची जबाबदारी नेमकी ठरेल आणि कॉलेजचीही बाहेर येईल. आरोपीला वकील नाकारला, तर हे प्रश्न विचारणारंच कुणी उरणार नाही आणि पुढच्या वर्षीची नवी मुलं त्याच हॉस्टेलात, त्याच रेक्टरच्या भरवशावर राहतील.